पेमाची लदेणी

आमच्या तांड्यावरच्या शाळेत काहीही ठेवा, म्हातारी माणसं आधी येतात आणि पुढच्या खुर्च्या धरून बसतात. मी या तांड्याची लेक आणि इथलीच मास्तरीण, म्हणून मला असं बोलायला कोणी अडवत नाही.

त्या दिवशी लेकरांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. डोंगरकडा गावच्या बाजारातून मी रंगीत कागद आणले होते. चौथीतल्या पेमाने मातीची लदेणी केली होती. पाठीवर गोण्या लादलेले बैल, एकामागे एक. आमचे वाडवडील असेच मीठ आणि धान्य घेऊन मुलूखभर हिंडायचे. बैल पेमाचे, पण त्यांच्या पाठीवरच्या बोटभर गोण्या तिची आई पूजा हिने शिवल्या होत्या, जुन्या घागऱ्याच्या कापडाच्या, वर आरशाचे बारीक तुकडे लावून.

पेमाची पाळी आली आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

"बोल की गं. काल तर पाठ म्हणत होतीस."

"आई न्हाई आली, बाई."

आई आली होती. मी दारातून बघितलं, तर तांड्याच्या सगळ्या सुना हापशापाशी डोक्यावरून पदर ओढून उभ्या. आत पहिल्याच खुर्चीवर पूजाचे सासरे लालसिंगकाका पाय पसरून बसलेले. सासरा बसलाय त्या खोलीत सून पाऊल टाकत नाही, आमच्यात अजून असंच आहे. आमंत्रण मीच दिलं होतं आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. शिकून शहाणी झाले की मी!

खरं तर ध्यानात यायलाच हवी होती. याच खोलीत, याच खिडकीखाली लहानपणी मी माझा बैल मांडला होता, पवळ्या नावाचा. शिंगं वाकडी, पण पाठीवर माझ्या याडीने, आईने, शिवलेली गोणी. पहिल्या रांगेत माझा आजा बसला होता. मी सारखी दाराकडे बघत होते. याडी आली नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "हळद काढायला गेले व्हते." मी दोन दिवस तिच्या हातचं जेवले नाही. ती खोली, ओल्या मातीचा तो वास, आजाच्या विडीचा धूर, सगळं अजून जिथल्या तिथे आहे. तो रुसवासुद्धा.

मी सरळ लालसिंगकाकांसमोर जाऊन उभी राहिले. सुनेला हे जमलं नसतं, लेकीला जमतं.

"काका, तुमी हितं बसलात तोवर पूजा आत येत न्हाई."

"मी काय तिला आडवून राहिलो का?"

"न्हाई. पण उठलात तर येईल."

"आन् माझ्या नातीचं मी बघू न्हाई व्हय?"

काकांनी पेमाकडे बघितलं. ती एका बैलाची गोणी उगीच सरळ करत होती. काका मोठ्याने खाकरले, घरात शिरताना सुनांना कळावं म्हणून खाकरतात तसे, आणि काठी टेकत बाहेर गेले. त्यांच्यामागे बाकीचे म्हातारेही कुरकुरत उठले. सुना आत आल्या. पूजाने पदर मागे घेतला आणि लेकीसमोर खाली मांडी घालून बसली. पेमा अशी बोलायला लागली की थांबेचना.

माझी याडी, रुख्मिणीबाई, भिंतीला टेकून बसली होती. आता तिने ज्याच्यासमोर पदर घ्यावा असं तांड्यात कोणी उरलेलं नाही. ती उठून खिडकीशी गेली. बाहेर खाली भिंतीला पाठ लावून लालसिंगकाका उकिडवे बसले होते, मान तिरपी करून. नात्याने ते तिचे धाकटे दीर.

"भाऊजी, तिथून दिसत न्हाई काई," याडी म्हणाली. "पण आयकू येतं बराबर."

"तुमाला काय म्हाईत, वयनी?"

"मला न्हाई तर कोनाला? रीताच्या येळंला मी तिथंच बसले व्हते. आत मामंजी व्हते ना."

रीता म्हणजे मीच. याडीने माझ्याकडे बघितलंही नाही, खिडकीतूनच सांगत राहिली.

"'हा आमचा पवळ्या. याची गोनी माझ्या आईनं शिवली.' दोनदा म्हनली पोरगी. दुसऱ्यांदा जोरात म्हनली, मी लांब असंन म्हनून."

"मंग तिला सांगितलं काहून न्हाई?"

"मामंजीमुळं आत आले न्हाई असं लेकराला सांगावं का? तिचा आजा व्हता तो. लई जीव व्हता तिचा त्याच्यावर."

पेमाचं बोलून संपलं होतं आणि बाया टाळ्या वाजवत होत्या. खिडकीखालूनही टाळ्या आल्या, काठी बाजूला ठेवून वाजवलेल्या. पुढचं नाव मला पुकारायचं होतं. मला रडू आवरेना, म्हणून ते पेमानेच पुकारलं.