काजळी धरलेली वाटी

काचकाकांच्या हातून एकही भिंग कधी न पुसता गेलं नव्हतं. घासून, पॉलिश करून झालं की खिशातलं मऊ फडकं काढायचं, भिंगावर एक फेरा मारायचा आणि मगच ते समोरच्याच्या हातात द्यायचं. अडतीस वर्षांची ही खोड. घरी मात्र कपाटाच्या आरशावर बोटांचे ठसे तसेच. "दिव्याखाली अंधार," बायको म्हणायची.

आता काका काम करत त्या संशोधन संस्थेला भिंगं तयार मिळू लागली होती. काकांची खोली रिकामी करून तिथं खोकी ठेवायची, असं साहेबांच्या मनात होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. त्यांना बाजारात न मिळणारी वस्तू हवी होती. अर्ध्या लिंबाएवढी काचेची खोलगट वाटी, आतून काजळी धरलेली.

"जन्मभर काच उजळली," काका म्हणाले, "आणि आता म्हातारपणी तोंड काळं करायला सांगताय?"

"काचेचं करा, तुमचं नको." बाई हसल्या. "लेझरचा झोत काजळीवर पडला की ती क्षणभर तापते. तिच्यावरचा रबराचा पातळ थर फुगतो आणि ठोका देतो, आपल्या कानाला न ऐकू येणारा. वाटीच्या गोलाईमुळे सगळे ठोके एका टिंबावर जमतात. टिंब जितकं बारीक, तितक्या बारीक शिरा सोनोग्राफीत दिसतील."

"म्हणजे उजेड ओतायचा आणि आवाज काढायचा."

"तेच. गुरुवारी साहेब बघायला येतील. जमलं तर खोली तुमची."

काकांनी जीव ओतून वाटी घासली. मेणबत्तीवर पालथी धरून काजळी घेतली, वर रबर ओतलं. चाचणीसाठी बाईंना बारीक शिरांच्या जागी जेलीच्या ठोकळ्यात तीन केस शेजारी-शेजारी पुरायचे होते. तेही काकांनीच आणले, बायकोच्या फणीतून.

मंगळवारी वाटी पाण्याच्या टाकीत बसवली. पडद्यावर टिंब उमटलं खरं, पण त्याच्याभोवती वलयंच वलयं, तळ्यात दगड पडावा तशी. तीन केसांचा मिळून एक धुरकट पट्टा झाला.

काकांनी वाटीची गोलाई पुन्हा मापली. तसूभर फरक नव्हता. खोलीतली खोकी त्यांना आत्ताच दिसू लागली.

"काच खोटी नाही, बाई."

"नाहीच. अशी वलयं मधला भाग गप्प राहिला की येतात. कडेचे ओरडतात, मधले मुके."

काकांनी वाटी दिव्यासमोर धरली. कडेला मिट्ट काळोख होता. मधोमध मात्र दिवा अंधुक दिसत होता.

"काका," बाईंनी हळूच विचारलं, "रबर ओतण्याआधी तुम्ही हिला पुसलंत का?"

काकांचा हात खिशात गेला. फडक्यावर काळा डाग होता.

"मी नाही पुसलं," ते म्हणाले. "हात पुसून गेला."

बुधवारी त्यांनी रबर सोलून, वाटी धुऊन नव्याने काजळी धरली. त्याआधी फडकं बाईंच्या कपाटात कुलूपबंद केलं. तरी हात दोनदा खिशाकडे गेलाच आणि रिकामा परत आला. वर रबर ओतून वाटी तशीच काळीकुट्ट बाईंच्या हवाली करताना, पोराला आंघोळ न घालता शाळेत धाडल्यासारखं त्यांना वाटलं.

गुरुवारी साहेब पडद्यासमोर उभे राहिले. वलयं जवळजवळ विरली होती. खसखशीच्या दाण्याहून बारीक टिंब आलं आणि पाठोपाठ तीन केसांच्या तीन रेघा, एकमेकींपासून सुट्या.

"खोकी जिन्याखाली ठेवू," ते म्हणाले. "अशा आणखी सहा लागतील."

संध्याकाळी काकांनी छापलेलं चित्र घरी नेलं. बायकोने चष्मा लावला.

"हे काय?"

"तुझे केस."

"अगंबाई, तीनच उरले?"

"तीन वेगवेगळे मोजता येतात, हेच तर काम आहे."

"केस मोजून झाले असतील तर आरशाकडे बघा जरा."

बाईंनी फडकं परत केलं होतं. काका उठले आणि आरशावर एक ऐटदार फेरा मारला. फडक्यावरची काजळी आरशावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरली.

बायको पदर तोंडाला लावून हसत ओलं फडकं आणायला आत गेली.