मागच्या सीटखालचा पाटा

मी पाटा बोलतोय. मोटारीच्या मागच्या चाकावर पोलादाची लांब पानं एकावर एक रचून आवळलेली असतात ना, तो मी. गाडीत बसणारे मला कधी बघत नाहीत. मी त्यांचं ओझं पेलतो आणि रस्त्याचे धक्के जिरवतो. निदान जिरवायला हवेत. माझं चुकलं ते याच कामात, म्हणून आधीच सांगतो, ही काही पराक्रमाची गोष्ट नाही.

माझा जन्म मालवाहू गाडीसाठी झाला. सात जाड पानं, वर काळंभोर पाणी चढवलेलं. कोलंबोजवळच्या एका बेकरीच्या व्हॅनला मी डावीकडे लागलो, माझा जोडीदार उजवीकडे. पिठाची पोती कितीही चढवा, मी जेमतेम बोटभर खाली जायचो. ड्रायव्हर चाकाला लाथ मारून म्हणायचा, "हा पाटा नाही, पूल आहे पूल." ते ऐकून मी फुगायचो. न वाकणं हाच आपला गुण, हे माझ्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते बसलं.

पुढे व्हॅन गंजून मोडीत निघाली. आम्हा दोघांना पंचिकावत्तच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आणलं, तारेच्या ब्रशने घासलं, रंग फासला आणि एका दुकानाच्या दारात टांगलं. तिथे एका सकाळी उपतिस्स सर आले.

सर कँडीजवळच्या गंपोलाचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे राखाडी रंगाची मॉरिस मायनर होती, सव्वीस वर्षं त्यांनीच चालवलेली, दुसऱ्या कुणाच्या हातात न दिलेली. तिच्या पाट्याचं एक पान तुटलं होतं आणि गाडी मागून बसली होती. सोबत त्यांचा मिस्त्री होता, अरियपाल. आमच्याकडे कारागिराला बास म्हणतात, तसं त्यालाही सगळे बास म्हणत.

बासने आधी माझ्या शेजारची जोडी खाली काढली. पाच पानांची, पातळ, मायनरचीच. हातोडीने एकेक पान वाजवून बघितलं, टेपने या कडीपासून त्या कडीपर्यंत मापलं.

"सर, हे घ्या. थोडे दमलेत, पण तडा नाही. नवे रबरी बुश घालू, पानांमध्ये ग्रीस भरू. गाडी पाळण्यासारखी चालेल."

सरांनी हाताने दाबून पाहिलं. "हे आत्ताच दबतायत. सहा महिन्यांत शेपूट पुन्हा खाली. परवा शेजारचे गुणतिलक चार माणसांत म्हणाले, सर, तुमचं बदक अंडं घालायला बसलं की काय."

"म्हणू द्यात की."

"तुझं काय जातं म्हणायला. ते बघ, ते वर टांगलेत ते."

"ते व्हॅनचे आहेत, सर. पोती वाहायचे. मागे नोना बसतात, त्यांना त्रास होईल."

"मजबूत वस्तूने कसला त्रास? मला आता पुन्हा या बाजारात यायचं नाही. मी मरेपर्यंत टिकलं पाहिजे."

बास आणखी काही बोलणार होता. पण सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प झाला. लहानपणी तो त्यांच्याच वर्गात होता. मी मात्र खुशीत होतो. दोन जोड्यांतून आपल्याला निवडलं याचा केवढा गर्व मला! आज तो आठवला की गंज परवडला असं वाटतं.

गंपोलाला बासच्या शेडमध्ये गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, जुने पाटे उतरवले, यू-क्लॅम्प आवळून आम्हाला बसवलं. गाडी मागून वीतभर उचलली गेली. सरांनी चारही बाजूंनी फिरून बघितलं आणि गुणतिलकांच्या फाटकासमोरून मुद्दाम सावकाश घरी नेली.

दुसऱ्या गुरुवारी करुणावती गाडीत बसल्या. सरांची बायको; बास ज्यांना नोना, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा त्या याच. त्यांची हाडं आतून पोकळ होत चालली होती, पाठीचे मणके ठिसूळ झाले होते. दर पंधरा दिवसांनी कँडीच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागे. त्या नेहमी मागे, डावीकडे बसायच्या, म्हणजे सरांना आरशात दिसायच्या. म्हणजे अगदी माझ्यावर.

त्या बसल्या तेव्हा मला आधी कळलंच नाही कुणी बसलं म्हणून. पिठाच्या एका पोत्याइतकंही वजन नव्हतं त्यांचं. एवढ्याशा वजनाला मी काय वाकणार? मी जसाच्या तसा राहिलो. पहिला खड्डा आला, मी तो उचलून सरळ वर दिला.

सरांनी आरशात बघून विचारलं, "कशी चालते गाडी?"

"छान," करुणावती म्हणाल्या. "हलत नाही अजिबात."

मीही ते खरं धरलं. पण पुढे पुढे माझ्या लक्षात यायला लागलं. पूल किंवा रेल्वे फाटक जवळ आलं की त्या दोन्ही पाय तळाशी दाबून धरायच्या आणि हातांवर जोर देऊन सीटवरून जरा उचलल्या जायच्या. श्वास रोखायच्या. धक्का बसून गेला की हळूच सोडायच्या. तो थरथरता श्वास सीटच्या तारांतून माझ्यापर्यंत यायचा. मग सर विचारायचे, "कशी चालते?" आणि त्या म्हणायच्या, "छान."

मला कळत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो. किती ठरवलं की या वेळी जरा दबायचं. पण सात पानं एकमेकांना घट्ट धरून बसलेली. ताठपणा अंगात मुरला की हवं तेव्हा सोडता येत नाही. अशी दोन वर्षं गेली.

एका गुरुवारी रेल्वे फाटकापाशी मागून एक बस हॉर्न वाजवत चिकटली. सरांनी घाईने गाडी पुढे काढली. रूळांवर चाक आपटलं आणि मी तो धक्का आहे तसा वर फेकला. करुणावतींच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"काय झालं?"

"काही नाही. चष्मा पडला."

त्या दिवशी सर एकटेच परत आले. हॉस्पिटलात काय झालं ते मला बासच्या शेडमध्ये ऐकायला मिळालं.

"मणका दबलाय," सर सांगत होते. "डॉक्टर म्हणाले, पडल्या का कुठे? करुणा म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. मला बोलली नव्हती बघ. किती वेळा सांगितलं, रबरी चपला घाल. आता तीन आठवडे तिथेच ठेवतील."

मग त्यांनी काय करावं? बाथरूमची गुळगुळीत फरशी छिन्नीने खरवडून खडबडीत केली. काथ्याच्या चटया आणून अंथरल्या. भिंतीला धरायला दांडा बसवला. वाकून वाकून त्यांचीच कंबर धरली. ते सगळं ते बासला सांगत बसायचे, आणि मी दोन हात अंतरावर, चाकाच्या आड, गप्प.

त्या दिवसांत गाडीचा तळ पुढच्या डाव्या सीटखाली सडला होता. बासने ती सीट काढून पत्रा जोडला. ब्रेकही कुरकुरत होते. ते चालवून बघायचे होते, म्हणून बास स्टिअरिंगवर बसला. पुढे दुसरी सीट नाही, म्हणून सर मागे बसले, डावीकडे. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ते आपल्या गाडीत मागे बसत होते.

पहिल्याच खड्ड्याला त्यांनी दाराचा पट्टा पकडला. दुसऱ्याला म्हणाले, "अरे, हळू."

"हळूच आहे, सर. वीसवर आहे."

पुढच्या खड्ड्याला सर कलंडले. तोल सावरायला त्यांनी सीटवर हात रोवला तेव्हा हाताला काहीतरी जाड लागलं. त्यांनी सीटची गादी उचलली. खाली घड्या होत्या. करुणावतींच्या दोन जुन्या साड्या, एक टॉवेल, आणि त्यांच्यातच टाचलेलं सरांचं कमरेला गुंडाळायचं निळं सारोंग, जे घरभर शोधून त्यांनी शेवटी नाद सोडला होता. थरावर थर, बारीक टाक्यांनी गोधडीसारखं शिवलेलं. काही थर दबून पापडासारखे झाले होते, वर नवे घातलेले.

त्यांनी बोटाने एकेक थर मोजला.

"बास, फाटकावरून घे."

"सर, ब्रेकचं काम झालंय. कशाला उगाच?"

"घे म्हणतो ना."

बासने गाडी रूळांवरून नेली. सर म्हणाले, "पुन्हा." तो वळवून पुन्हा घेऊन आला. मी काय करणार होतो? दोन्ही वेळा मी तेच केलं, जे इतके दिवस करत आलो. दुसऱ्या वेळी सरांच्या तोंडून अगदी तसाच बारीक आवाज निघाला.

"थांब," ते म्हणाले. गाडी कडेला उभी राहिली. "बास, नोना बाथरूममध्ये पडलेली नाही."

बास पुढेच बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"फाटकाचं नव्हतं माहीत, सर."

"पण दुकानात तू म्हणाला होतास."

"एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. तुम्ही बघितलंत आणि मला वर्गात असल्यासारखं वाटलं."

त्या गाडीत त्या वेळी आम्ही तिघं होतो, आणि तिघांनाही मान वर करवत नव्हती.

शेडमध्ये परतल्यावर सर म्हणाले, "हे काढून टाक. मऊ घाल." बासने मायनरच्या पाट्यांसाठी दोन दिवस सगळीकडे विचारलं, कुठे मिळेनात. मग त्याने मलाच उतरवलं. मधला बोल्ट सोडला, सातही पानं वेगळी केली. तीन बाजूला ठेवली. उरलेली चार घासून, ग्रीस भरून, नव्या बुशांसह पुन्हा बांधली. माझ्या जोडीदाराचंही तसंच केलं.

"सर, आता मागे जास्त माणसं बसवायची नाहीत, डिकीत ओझं ठेवायचं नाही. आणि शेपूट पुन्हा खाली बसणार."

"बसू दे."

तीन आठवड्यांनी सर करुणावतींना आणायला गेले. त्यांच्या कमरेला पट्टा होता. त्या बसल्या आणि पहिल्यांदा मी त्यांच्या वजनाने दबलो. इतका थोडा, की मलाच कळलं असेल. फाटक आलं. सरांनी गाडी जवळजवळ उभी केली. मागे हॉर्न वाजायला लागले, ते वाजू दिले. करुणावतींनी पाय दाबले, श्वास रोखला. चाकं रूळांवरून गेली. त्या अजून श्वास रोखूनच होत्या.

"फाटक गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "काय केलंत गाडीला?"

"बासने तीन पानं काढली."

"मग मागून बसली असेल."

"बसलीय. गुणतिलक सकाळीच हसून गेले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? बसलीच आहे." मग सरांनी गाडी कडेला घेतली. मागे न वळता म्हणाले, "करुणा, मला सांगितलं का नाहीस?"

"दर वेळी विचारायचात, कशी चालते गाडी. तुमच्या विचारण्यातच 'छान' असायचं. मी दुसरं उत्तर कुठून आणू?"

सरांचे हात स्टिअरिंगवरच होते. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

"चला आता," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर चहा करा. गुळाचा खडा मोठा द्या मला."

करुणावतींची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. होणारही नाही. बासने माझी पानं काढली, पण मी जे वर फेकलं ते परत घेता येत नाही. माझी काढलेली तीन पानं शेडच्या कोपऱ्यात पडली आहेत. एकही तडा नाही त्यांना. बघणारे म्हणतात, काय मजबूत माल आहे. मी ऐकतो आणि खाली बघतो. तुम्ही कधी गाडीला नवे-जुने पाटे बसवायला गेलात, तर दुकानात हाताने दाबून बघू नका. जो तिथे बसणार आहे त्याच्या जागेवर आधी जाऊन बसा. आणि 'कशी आहे' असं विचारून झालं की थोडं थांबा.

गेल्या पौर्णिमेला सर त्यांना देवळात घेऊन गेले होते. परतताना पुलाच्या अलीकडे करुणावतींचं डोकं दाराला टेकलं आणि त्या झोपल्या. माझ्या अंगावर त्या पहिल्यांदाच झोपत होत्या. ही झोप दोन वर्षांपूर्वीच त्यांची होती, मी ती दिली नव्हती. घर आलं. सरांनी आरशात बघितलं आणि गाडी थांबवली नाही. गुणतिलकांच्या फाटकावरून सावकाश पुढे गेलो, पार नदीपर्यंत, आणि तिथून वळून पुन्हा तोच फेरा.