थांबलेल्या क्युबिटची चूक

साक्षीचं कुणी कौतुक केलं की इंद्रजीतच्या पोटात दुखायचं, आणि अलीकडे तिचं कौतुक करण्यावाचून कुणाला दुसरा धंदाच उरला नव्हता. दोघं एकाच पाऱ्यातले, म्हणजे एकाच मोहल्ल्यातले, रायपुरातल्या एकाच संस्थेत, एकाच मॅडमच्या हाताखाली पीएचडीला. तो चार वर्षं घासत होता, ही कालची आलेली. वर त्याला 'भैया' म्हणायची!

दोघांचा प्रश्नही एकच. क्वांटम संगणकाचे क्युबिट, म्हणजे त्यातले माहिती धरून ठेवणारे घटक, भारी नाजूक. सारखे बिघडतात, म्हणून सारखी तपासणी लागते. त्यासाठी लांबलांबचे क्युबिट एकमेकांशी जोडावे लागतात, आणि चिपवर तर प्रत्येकाची ओळख फक्त शेजाऱ्याशी. इंद्रजीतचा उपाय अदलाबदलीचा होता. जागा बदलत बदलत लांबच्याला जवळ आणायचं. साक्षीने कुणाला हलवलंच नाही. मधल्या क्युबिटांकडून तिने निरोप पोचवला, आणि मधला बिघडला तर त्यानेच ओरडावं अशी सोय केली. ते वाचून इंद्रजीतला रडू यायचंच बाकी होतं. हे आपल्याला का सुचलं नाही?

बंगळुरूला खऱ्या यंत्रावर काम करायला एकच जण जाणार होता. शुक्रवारच्या बैठकीत अपर्णा मॅडम नाव सांगणार होत्या.

"साक्षी लय हुशार निघाली म्हणे," आई जेवताना म्हणाली. "तू काहून तोंड पाडून बसला?"

"मले भूक नाही," म्हणत तो ताटावरून उठला आणि साक्षीच्या प्रोग्रॅममध्ये खोट शोधत बसला. शोधणाऱ्याला सापडतेच. वाट पाहत थांबलेल्या क्युबिटची चूक तिने शून्य धरली होती! नुसता थांबलेला क्युबिटही बिघडतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. इंद्रजीतला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिला एक फोन करता आला असता. त्याने केला नाही.

बैठकीत साक्षीचं बोलणं संपायच्या आत तो उठला. "मॅडम, हिचे थांबलेले क्युबिट कधी चुकतच नाहीत. सगळे आकडे खोटे आहेत."

साक्षीचा चेहरा खर्रकन उतरला. इंद्रजीतच्या जिवाला गार वाटलं. तिने फाइल उघडली, वरखाली पाहिलं.

"लेकिन भैया," ती हळूच म्हणाली, "ये हिस्सा तो आपका लिखा है. पहले साल मैंने आपसे ही माँगा था. आपका था, इसलिए चेक नहीं किया."

अपर्णा मॅडमनी पडद्यावर तो भाग वाचला.

"दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. "दोघांचंही पुन्हा चालवून पाहू."

दोघांच्याही प्रोग्रॅममध्ये शून्याच्या जागी खरा आकडा घातला. साक्षीची चुकांची रेघ थोडीशी वर सरकली, कारण तिच्या पद्धतीत फारसं कुणी थांबतच नव्हतं. इंद्रजीतच्या अदलाबदलीत एक जोडी सरकेपर्यंत बाकीचे सगळे ताटकळत होते. त्याची रेघ वर चढली ती पडद्याबाहेरच गेली. चार वर्षांचं काम त्या रेघेबरोबर गेलं.

"बरं झालं तू पकडलं," मॅडम त्याला म्हणाल्या. "बंगळुरूत जाऊन नाक कापलं गेलं असतं. साक्षी, तू तयारीला लाग."

बाहेर साक्षी धावत त्याच्या मागे आली. तिचे डोळे भरले होते. "थँक यू भैया. आपने बचा लिया मुझे."

ती मनापासून बोलत होती. एखादा टोमणा मारला असता तर त्याला सोसला असता.

"हव," तो मान डोलावत म्हणाला.