पोथीत न आलेला ओमेश्वर

भाट येणार म्हटलं की आम्हा पोवारांच्या घरात जी धांदल उडते, तिचा मला पहिल्यापासून राग. दहा-बारा वर्षांतून एकदा हा माणूस माळव्याकडून येतो, ओसरीत घोंगडीवर बसतो, लाल कापडातली वंशावळीची पोथी सोडतो आणि थेट विश्वाच्या आरंभापासून सुरू होतो. आधी अंधार, मग पाणी, पाण्यावर कमळ, कमळात ब्रह्मदेव. पुढे ऋषी, राजे, धारनगरी, तिथून वैनगंगेच्या खोऱ्यात उतरलेले आमचे पूर्वज आणि सरतेशेवटी पणजोबा, आजोबा, बाप. जणू सगळं ब्रह्मांड आमच्या घराचा पत्ता विचारत निघालं होतं! मी विज्ञानाचा मास्तर. दरेकशाजवळच्या शाळेत पोरांना विश्वाच्या तेराशे सत्तर कोटी वर्षांचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवायचो. मला हे ऐकवत नसे.

१९९९च्या हिवाळ्यात छोटेलाल भाट आला, तेव्हा आमचा एकुलता एक ओमेश्वर तीन वर्षांचा होता. पोथीत नवं नाव चढवायची रीत साधी. लेकराला समोर बसवायचं, भाटाने नावाने हाक मारायची, लेकराने ओ दिली की नाव लिहायचं. धनवंताने, म्हणजे माझ्या बायकोने, पोराला न्हाऊमाखू घालून, नवा सदरा चढवून बसवलं होतं. ओसरी माणसांनी भरली होती. आणि माझ्या जिभेला खाज सुटली.

"ब्रह्मदेवाच्या आधी काय होतं म्हणता?"

"पाणी, मास्टरजी."

"अन् पाणी कोनं केलं?"

माणसं हसायला लागली, तसा मला आणखी जोर चढला. "ज्या पोथीचं पयलंच पान खोटं, तिच्यात माह्या पोराचं नाव नोको," असं म्हणून मी ओमेश्वरला उचलून आत नेलं. भाटाने पोथी गुंडाळली आणि तो शेजारच्या घरी गेला. धनवंता चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मात्र शाळेत हा किस्सा रंगवून रंगवून सांगितला.

२००८च्या पावसाळ्यात ओमेश्वर गेला. बारा वर्षांचा होता. ताप मेंदूत चढला, मलेरिया. गोंदियाला पोचायच्या आधीच, गाडीत, माझ्या मांडीवर. यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

दोन वर्षांनी, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपल्यावर, छोटेलाल पुन्हा आला. पार थकला होता, काठी टेकत आला. धनवंताने पहाटेच ओसरी सारवली होती, भाटाला द्यायला सुपात तांदूळ आणि नारळ काढून ठेवला होता. मला ती एवढंच म्हणाली, "या बारीले तोंड उघडू नोका. पोराचं नाव चढू द्या."

मी तोंड कशाला उघडतो! ते नाव तिच्याइतकंच मलाही हवं होतं. शाळेच्या हजेरीतून त्याचं नाव कमी झालं, रेशनकार्डावरून कमी झालं. हे लेकरू या जगात येऊन गेलं, एवढं तरी कुठे लिहिलेलं राहावं, असं मला वाटत होतं.

छोटेलालने अंधार वाचला, पाणी वाचलं, कमळ वाचलं. मी हात जोडून बसलो होतो. दुपार कलली तेव्हा तो माझ्या नावापर्यंत आला.

"पुढे?"

"ओमेश्वर," धनवंता म्हणाली.

त्याने लेखणी शाईत बुडवली, मान वर न करताच मोठ्याने हाक मारली, "ओमेश्वर!"

ओसरीत कोणी हललं नाही.

"ओमेश्वर!"

"ओ," धनवंता म्हणाली.

भाटाने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. "कधी, माय?"

"दोन वर्सं झाले."

त्याने पोथीवर हात ठेवला. मग म्हणाला, "ज्याचं येणं पोथीत नाही, त्याचं जाणं कसं लिहू?"

मी त्याचे पाय धरले. चारचौघांत धरले. "एक नाव लिवा, महाराज. कोनाले समजते?"

"पूर्वी लिहायचो, मास्टरजी. कोणी रडलं की लिहायचो. तुम्ही पोथीला खोटी म्हटलं, त्या दिवसापासून ओ ऐकल्याशिवाय एक नाव चढवलं नाही." त्याचे डोळे भरले होते. पण हात हलला नाही.

रीतीप्रमाणे माझ्या नावापुढची ओळ रिकामी ठेवता येत नाही. त्याने ती लिहिली आणि रीतीप्रमाणेच मोठ्याने वाचली, "गुलाबचंद पटले. निःसंतान." सुपातल्या तांदळाला हात न लावता तो उठला.

माणसं पांगली. धनवंता सुपापाशी बसून होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "जग कसं झालं, ते तुमच्या पुस्तकात लिवलं हाय ना? त्याच्यात तरी माहा पोरगा हाय का?"

हो म्हणायचं होतं. एवढंच तर करायचं होतं. ज्या एका खोट्या शब्दासाठी मी भाटाच्या पाया पडलो, तो बायकोला द्यायची वेळ आली आणि माझ्यातला मास्तर आडवा आला.

"नाही," मी म्हणालो. "त्याच्यात कोनाचंच नाव नाही."

तिने मान हलवली. "मंग दोन्हीकून गेला," असं म्हणून तिने सूप उचललं आणि तांदूळ परत धान्याच्या ढोलीत ओतले.