शनिवारी न सुटलेली ओळ

नवरा, बाइंडर, जाऊन तीन महिने झाले, तरी वहिनी अजून रडली नव्हती. पहिल्या महिन्यात शेजारणींनी कौतुक केलं, "केवढी धीराची बाई!" दुसऱ्या महिन्यात सूर बदलला, "अगं बाई, हिला काही वाटतं की नाही?" लोकांचं काय, रडलं तरी बोलणार आणि नाही रडलं तरी बोलणार. पण खरं सांगायचं तर या वेळी लोकांचं चुकत नव्हतं. वहिनीला खरंच काही वाटत नव्हतं. ती वेळेवर उठायची, कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसायची, पार्सलं काट्यावर ठेवायची, पत्ते चिकटवायची आणि घरी येऊन एका माणसापुरतं शिजवायची. मीठ कमी पडलं तर तेही कळायचं. बाकी आत सगळं बधिर होतं. दाताचा डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं.

तिला वहिनी म्हणायचे ते चर्चमधल्या डाव्या बाकावरचे लोक. शिंपीणआजी, बेकरीत काम करणाऱ्या दोघी बहिणी, आणि गॅरेजमध्ये गाड्या रंगवणारा लंबू. चौघंही ठार बहिरे. पाळकसाहेब त्यांना 'आपले कर्णबधिर बंधुभगिनी' म्हणायचे. ते स्वतःला सरळ बहिरे म्हणायचे, आणि पाळकसाहेबांसाठी त्यांनी एक खूण पाडली होती, हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत हात ओढत न्यायचा, म्हणजे लांबण. या बाकाचा म्होरक्या होता बाइंडर, पुस्तकं बांधणारा, तोही बहिराच. वहिनीला मात्र छान ऐकू यायचं. लग्नानंतर नवऱ्याकडून खुणांची भाषा शिकली आणि दर रविवारी व्यासपीठाशेजारी उभी राहून सगळी उपासना हातांनी सांगायला लागली. त्याला बावीस वर्षं झाली.

नुसतं उभं राहून हात हलवले की झालं, असं नव्हतं हं. रविवारी जो उतारा वाचायचा, तो शनिवारी दुपारी वहिनीच्या स्वयंपाकघरात आधी बसून फोडायचा. हा बाइंडरचा नियम. तो म्हणायचा, ऐकणाऱ्यांचं बरं असतं, शब्द कानावरून गेला की आमेन म्हणून मोकळे. खुणेत तसं जमत नाही. प्रभू नक्की काय सांगतोय हे कळल्याशिवाय हात उचलायचा नाही. मग काय, काथ्याकूट! शत्रूवर प्रेम करायचं म्हणजे काय करायचं, याला तीन शनिवार लागले होते, कारण लंबूचं एकच टुमणं, यात गॅरेजचा मालक धरायचा की नाही ते आधी सांगा. आणि जे काही केल्या सुटायचं नाही, तिथे वहिनी रविवारी भर उपासनेत खूण करायची, 'हे आम्हाला अजून कळलेलं नाही', आणि पुढे जायची. मंडळीला वाटायचं, काय सुंदर हात चालतात ताईंचे!

अशा न सुटलेल्या ओळींतली एक होती येशूच्या डोंगरावरच्या उपदेशातली. शोक करणाऱ्यांना धन्य म्हटलंय ती. बाइंडर तिच्यापाशी अडून बसायचा तो हलायचाच नाही. "रडणारा माणूस नशीबवान? कुणी ठरवलं? त्याला विचारलं का कुणी?" बावीस वर्षांत ती ओळ चारदा वाचली गेली आणि चारही वेळा वहिनीनं 'अजून कळलेलं नाही' सांगितलं.

आणि या आठवड्यात पाळकसाहेबांचा नेमका त्याच ओळीसाठी फोन आला.

"ताई, उतारा मुद्दाम तुमच्यासाठी निवडलाय बरं का. तुमच्या हातांनी तो सांगितला गेला की मंडळीला केवढं बळ मिळेल!"

"बरं," वहिनी म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

फोन ठेवल्यावर तिनं मनाशी ठरवून टाकलं. हा रविवार शेवटचा. तीन महिने ती उभी राहत होती खरी, पण हात आपले आपण चालत होते. प्रीतीची खूण, आशेची खूण, सगळं बिनचूक, आणि आत काही नाही. बाइंडरच्या नियमानं हे चक्क खोटं बोलणं होतं. ही ओळ सुटली तर ठीक, नाही तर उभं राहणं बंद. बंद म्हणजे काय होईल हेही तिला ठाऊक होतं. दुसरं खुणा जाणणारं चर्चमध्ये कुणी नव्हतं. ते चौघं रविवारमागून रविवार हलणाऱ्या ओठांकडे बघत बसतील, आणि मग एकेक करून यायचे थांबतील. हे कळत असूनही तिला वाईट वाटलं नाही. त्याचीच तिला थोडी भीती वाटली.

शनिवारी चौघं आले. चहा झाला. बाइंडरच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, म्हणून लंबू ओट्याला टेकून उभा राहिला. वहिनीनं उतारा हातांनी सांगितला आणि विचारलं, "बोला, धन्य का?"

बेकरीतली थोरली म्हणाली, "दुःखात देव जवळ येतो म्हणून."

"तुला दिसला होता का?" धाकटीनं तिला टोकलं. "मला वाटतं, पुढे स्वर्गात भेट होणार आहे, म्हणून."

"रडलं की डोकं हलकं होतं," लंबूनं आपलं सांगून टाकलं.

वहिनी प्रत्येकाला मान डोलवत होती. सगळी उत्तरं चांगली होती, तिनंच कधी ना कधी व्यासपीठाशेजारून दिलेली. एकही लागत नव्हतं. ती सांगणार होती की राहू द्या, उद्या मी काहीतरी करते, आणि त्यानंतर मी येणार नाही. तेवढ्यात शिंपीणआजीनं टेबलावर थाप मारली. आजी बोलायची कमी, पण थाप मारली की सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं.

"पोरी, तू रडलीस कधी?"

"नाही."

"का?"

वहिनीचे हात हवेत थांबले. मग त्या हातांनीच आपणहून सांगितलं, "वेळच नव्हता."

हे काय भलतंच, असं तिलाच वाटलं. पण हात सुरू झाले ते थांबेनात. "अंत्यविधीला मी कुठे होते, आठवतं? पेटीच्या डोक्याशी. तुमच्याकडे तोंड करून, ह्यांच्याकडे पाठ करून. पाळकसाहेब चाळीस मिनिटं बोलले, मी चाळीस मिनिटं सांगितलं. गीतं सांगितली. आमच्या भगिनीचं सांत्वन होवो अशी प्रार्थना केली त्यांनी माझ्यासाठी, तीसुद्धा मीच तुम्हाला सांगितली. खूण चुकू नये म्हणून सगळं लक्ष तिकडे. कबरीपाशी सगळ्यांनी माती टाकली. मी नाही टाकली. साहेब बोलतच होते ना, माझे दोन्ही हात अडकलेले."

थोरलीनं तोंडावर हात ठेवला. त्या दिवशी या चौघांनी तिच्या हातांवरून नजर काढली नव्हती. एक शब्द निसटू दिला नव्हता. ती विधवा झालेली बाई आहे हे पाळकसाहेबांच्या डोक्यात आलं नव्हतं, मंडळीच्या आलं नव्हतं, यांच्याही आलं नव्हतं. आणि सगळ्यांत मोठी कमाल म्हणजे तिच्या स्वतःच्याही आलं नव्हतं. ती दुभाषी होती, मरण कुणाचंही असो, उभं राहायचं तिनंच.

लंबूनं मान खाली घातली. त्याला लाज वाटत होती आणि ती लपवायची कशी हे कळत नव्हतं.

शिंपीणआजी म्हणाली, "उद्या तू बस."

"मग तुम्हाला कोण सांगणार?"

"कुणी नाही."

"आणि उतारा?"

"बावीस वर्षं सांगितलंस. एक रविवार नाही कळलं तर आम्ही काही नरकात जात नाही."

रविवारी वहिनी डाव्या बाकावर जाऊन बसली, एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला धाकटी. पाळकसाहेबांनी वरून नजरेनं विचारलं, मग हातानं बोलावलं. आजीनं त्यांना तिथूनच हात झटकून गप्प केलं. तेही बिचारे गोंधळून पुस्तकाकडे वळले.

वाचन सुरू झालं आणि वहिनीचे हात मांडीवर हलायला लागले. सवयच ती. शब्द कानात शिरला की बोटं उठायची. दीनांविषयीची ओळ झाली, तिची खूण अर्धी झाली. पुढे ती ओळ येणार होती. वहिनी 'अजून कळलेलं नाही'च्या तयारीत होती.

तेव्हा आजीनं तिचे दोन्ही हात धरले.

बहिऱ्यांत असं कुणी करत नाही. खुणा करणाऱ्याचे हात धरणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर पंजा ठेवणं. बावीस वर्षांत बाइंडरनं कडाक्याच्या भांडणातही तिचे हात धरले नव्हते. वहिनीनं ओढून बघितले, पण आजीची शिवणकामानं निबर झालेली बोटं सुटेनात. वर पाळकसाहेबांनी ती ओळ वाचली. वहिनीला ती ऐकू आली आणि पहिल्यांदाच कुणाला सांगावी लागली नाही. तिनं बाजूला बघितलं. चौघांपैकी एकही जण व्यासपीठाकडे बघत नव्हता. सगळे तिच्याकडे बघत होते.

मग ती रडली. धीरानं वगैरे नाही, मोठ्यानं, घशातून, कुणीतरी ढकलल्यासारखी. मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. डाव्या बाकावर तो आवाज कुणालाच गेला नाही. आजीला फक्त हातातले हात थरथरताना कळले, आणि तिनं ते आणखी घट्ट धरले. धाकटीनं वहिनीच्या खांद्याला डोकं टेकलं. बाकाच्या टोकाला बसलेला लंबू उठला, समोर येऊन गुडघ्यांवर बसला आणि आपला रंगाचे डाग पडलेला भलामोठा पंजा त्या चार हातांवर ठेवला.

मध्येच वहिनीला भान आलं. पाळकसाहेब पुन्हा बोलायला लागले होते आणि ही माणसं कोरडी बसली होती. निदान थोडक्यात तरी सांगावं म्हणून तिनं एक हात सोडवायचा प्रयत्न केला. आजीनं मान हलवली, नाही. पाळकसाहेब पुढे काय बोलले, ते त्या रविवारी डाव्या बाकावर कुणालाच कळलं नाही, वहिनीलाही नाही.