शेणाखालचे पाहुणे

बायजाला या घरात दिली ती तिच्या बापाने घर बघून नव्हे, शेणाचा पो उलटून. रेवदंड्याच्या खाडीकाठी त्या चार-पाच गावांची रीतच होती तशी. पोरगी द्यायची तर आदल्या संध्याकाळी मुलाच्या शेतात ताज्या शेणाचा पो ठेवायचा, वर केळीचं पान झाकायचं, आणि उजाडल्यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी जाऊन तो उलटायचा. खाली कोण कोण आलंय ते बघायचं. बायजाचा बाप हसतच घरी आला. म्हणाला, गांडुळं तर होतीच, शेणकिडे, वाणी, गोम, काळ्या मुंग्या, आणि डोळ्यांना धड दिसत नाहीत असे ते पांढरे उड्या मारणारे, सगळं गणगोत जमलं होतं. एवढे पाहुणे ज्या मातीत जेवतात तिथे माझी पोर उपाशी मरायची नाही.

आणि खरंच, सासरा विठोबा होता तोवर त्या मातीने कुणाला उपाशी ठेवलं नाही. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल टाकायचा, तोही भरभरून यायचा. विठोबा गेल्यावर दोघा भावांनी न भांडता वाटणी केली. थोरल्या रावजीला, म्हणजे बायजाच्या नवऱ्याला, खाडीकडचं शेत आलं. धाकट्या धर्माजीला त्याच्या आतलं. मध्ये एक बांध, आणि त्या बांधावर बसून दोघे भाऊ एकाच फडक्यातली भाकरी खायचे. दृष्ट लागावी असं होतं सगळं. लागलीच ती.

स्वातंत्र्य आलं त्या साली मिठावरचा कर उठला. झालं! जो तो मिठाच्या गोष्टी बोलू लागला. शेती म्हणजे चिखलातली मरमर, मीठ म्हणजे समुद्राने फुकट आणून दिलेलं पीक. रावजीच्या डोक्यात ते भूत शिरलं ते शिरलंच. खाडीचा बांध फोडून पाणी आत घ्यायचं आणि शेताचं मिठागर करायचं, असं त्याने ठरवून टाकलं. बायजाने परोपरीने सांगितलं. धर्माजीने तर पाय धरले. म्हणाला, दादा, मीठ बांधाखालून चालत येतं, माझं शेत तुझ्या शेताला लागून हाय. रावजीने ऐकलं नाही. माझं मीठ माझ्या बांधात राहील, म्हणाला. आता मीठ काय कुणाचा बैल आहे, दावणीला बांधला की उभा राहायला? पण विठोबाच्या पोराला हे कोण सांगणार!

मिठागर चाललं चार-दोन वर्षं. मग एकदा मीठ काढायच्या दिवसांत अवकाळी पावसाने सगळं विरघळवलं, आणि पुढे बड्या आगरवाल्यांच्या मिठापुढे रावजीच्या काळपट मिठाला कुणी विचारीना. तोवर धर्माजीच्या शेतात व्हायचं ते होऊन गेलं होतं. आधी वाल उगवेना. मग भाताची पातं शेंड्याकडून करपायला लागली. धर्माजी दर भादव्यात, गौरी गेल्या की, बापाच्या रीतीने पो ठेवायचा. पहिल्या साली गांडुळं आली नाहीत. पुढच्या साली वाणी आणि गोम दिसेनात. मग शेणकिडे गेले. मुंग्या तेवढ्या काही दिवस टिकल्या, त्यांनीही शेवटी बिऱ्हाड हलवलं. केळीचं पान उचललं की खाली शेण जसं ठेवलं तसंच, वरून वाळलेलं, खालून ओलं. त्याला कुणी शिवलेलं नसायचं. मसणातल्या पिंडाला कावळा न शिवावा तसं.

ज्या वर्षी मुंग्याही आल्या नाहीत त्या वर्षी धर्माजी देवळापुढे उभा राहिला आणि पाच माणसांच्या देखत रावजीला म्हणाला, "माझ्या पोखाली ज्या दिवशी गांडूळ येल, त्या दिवशी तुझ्या उंबऱ्याला पाय लावीन. तवर तू मला मेलास."

रावजीने मिठागर मोडलं. स्वतःच्या हाताने खाडीचा बांध पुन्हा घातला, पावसाचं पाणी शेतात साठवायचं, मीठ धुऊन बाहेर सोडायचं, शेण-पालापाचोळा ओढून ओढून टाकायचा, वर्षामागून वर्षं हेच केलं. आपल्याच नव्हे, भावाच्याही शेतात तो डोक्यावरून पाटी वाहायचा, धर्माजी नसेल तेव्हा. धर्माजीला ते कळत नव्हतं असं नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना! भाताची चार काटकुळी पातं तग धरू लागली, पण पोखाली कुणी येईना. दोन्ही घरं एकाच विहिरीचं पाणी पीत होती आणि दोघे भाऊ एकमेकांना मेले होते.

आणि आता रावजी खरंच मरायला टेकला. पायांवरची सूज पोटापर्यंत चढली. अलिबागच्या डॉक्टरने नाडी बघितली आणि घरी न्या म्हणाला. रावजीने खाट ओटीवर, दारासमोर ओढून घ्यायला लावली. तिथून करंजाचं झाड दिसायचं आणि झाडापाशी फुटणाऱ्या दोन वाटा. डावी शेताकडे जाते, उजवी तुळशीरामाच्या नारळी-पोफळीच्या वाडीकडे. धर्माजी आला तर त्या झाडाखालून येणार. दिवसभर त्याची नजर तिथे. न बोलता असा माणूस वाट बघत असला म्हणजे बघणाऱ्याचा जीव तुटतो. बायजा एकदा विहिरीवर जावेला, केसरला, सगळं सांगून बसली. केसरने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, मी रोज सांगते वो वैनी, पण पाचांत दिलेला शब्द हाय म्हणतात.

शब्द हाय तर शब्द हाय. गांडूळच पाहिजे ना?

गौरी गेल्या. पाऊस उघडला, भादव्याचं ऊन रणरणू लागलं. संध्याकाळी धर्माजी पो ठेवून, पान झाकून घरी गेला ते बायजाने बांधाआडून पाहिलं. मग ती तुळशीरामाच्या वाडीत शिरली. पाटाच्या कडेची काळीभोर माती हातांनी उकरली. पहिल्याच उकरीला लालसर, जाडजूड गांडुळं निघाली, चांगली वळवळणारी. वाडीतल्या मातीला कशाची वाण? आळूच्या पानात ती गुंडाळून तिने धर्माजीच्या पोखाली नेऊन सोडली आणि पान होतं तसं झाकलं. हात जोडून म्हणाली, बाबांनो, एवढी रात काढा. उद्या सकाळी त्याने बघितलं की मग कुठंही जा.

बायजा काय खुळी होती? उन्हं पडली की मीठ वर चढतं हे तिला ठाऊक नव्हतं? होतं. पण माणूस मरायला टेकलं की शहाणपण कुठं सुचतं.

सकाळी ती पुन्हा बांधाआड जाऊन बसली. धर्माजी आला, उकिडवा बसला, त्याने पान उचललं. तसाच बसून राहिला. किती वेळ! बायजाचे पाय बधिर झाले. मग तो उठला आणि मागे न बघता आपल्या घराच्या दिशेने निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावर ती धावत गेली. गांडुळं पोखाली नव्हती. त्या करड्या चिखलातून बाहेर पडायला धडपडत चहूकडे गेली होती आणि जिथे पोचली तिथे मेली होती. फिकी पडलेली, आखडलेली. बायजा तिथेच खाली बसली आणि रडली. नवऱ्यासाठी रडली, आणि खरं सांगायचं तर त्या किड्यांसाठीही. चांगली नांदत होती बिचारी. हिने नेऊन मारली.

घरी येऊन तिने पेज टाकली. रावजीने करंजाकडे बघतच विचारलं, धर्माने आज पो उलटला असेल ना? तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

ऊन कलताना उंबऱ्यात सावली पडली. बायजाने वर पाहिलं तर धर्माजी. किती वाळला होता, केस किती पिकले होते, हे तिला जवळून आत्ताच दिसलं. त्याच्या ओंजळीत आळूचं पान होतं. त्याने उंबऱ्याला पाय लावला, आत आला आणि खाटेशी जमिनीवर बसला.

"दादा," तो म्हणाला, "आलं रे."

पान उघडलं. आत एक गांडूळ होतं. जाडजूड, लालसर, वळवळणारं. बायजाने धर्माजीच्या हातांकडे बघितलं. नखांत काळीभोर माती होती. त्याच्या शेतात अशी माती कुठून येणार! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून! तिने पदर तोंडात कोंबला.

रावजीने हात पुढे केला. धर्माजीने ते गांडूळ त्याच्या सुजलेल्या तळव्यावर ठेवलं. रावजी बघत राहिला. जन्म गेला होता त्याचा मातीत. बोटाने त्याने ते हलकेच उलटं केलं, सुलटं केलं.

"तुझ्या शेतातलं?"

"माझ्याच. पोखाली व्हतं."

"बरं झालं," रावजी म्हणाला. मग ते पानावर परत ठेवत म्हणाला, "आता नेऊन सोड त्याला. जिथलं हाय तिथं. हातात सुकल ते."

धर्माजी उठला. पान ओंजळीत धरून अंगण ओलांडून गेला. करंजाखाली पोचल्यावर त्याची पावलं थांबली. बायजाच्या लक्षात आलं आणि ती चटकन दारात जाऊन उभी राहिली, काहीतरी वाळत घालायचं निमित्त करून.

"बाजूला हो," रावजी म्हणाला.

ती बाजूला झाली. धर्माजी झाडाखाली उभाच होता. एकदा डावीकडे बघितलं, शेताकडे. मग खाली, ओंजळीत. आणि उजवीकडे वळला.

"वाडीकडं वळला," रावजी म्हणाला.

बायजाने हातातलं फडकं दोरीवर टाकलं.

"वळू दे. शेतात मेलं असतं."

एवढं बोलून त्याने तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते. बायजाने पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, चहा ठेव, येईल तो परत.

आला. अंगणात घागरीतलं पाणी घेऊन त्याने हात धुतले, नखं पुन्हा पुन्हा घासली, काळी माती राहू नये म्हणून. रावजी खाटेवरून ते बघत होता. मग दोघांनी चहा घेतला. आईच्या वेळची गाय कशी लाथा मारायची, असलंच काहीतरी बोलत राहिले. मिठाचं नाव कुणी काढलं नाही, गांडुळाचंही नाही. किती वर्षं गेली होती, आणि एवढ्यासाठी!

दसऱ्याआधी रावजी गेला. मडकं धर्माजीने धरलं. पुढच्या भादव्यात बांधाच्या एका बाजूला त्याने पो ठेवला, दुसऱ्या बाजूला बायजाने. सकाळी दोघांनी आपापलं पान उचललं. शेण तसंच होतं.

"न्हाय, वैनी," धर्माजी म्हणाला.

"न्हाय, भावजी," बायजा म्हणाली, आणि दोघं आपापल्या घरी गेली.