लाल दोऱ्याचे तीन टाके

परीक्षकांनी गाडीच्या हुडाची कड दोन बोटांत धरून उलटी केली, आणि श्यामसुंदर टिपणीस एक पाऊल पुढे सरकले.

नेव्हीतून रिटायर झालेले हे म्हातारे गृहस्थ सकाळपासून वाशीच्या मैदानावर बावीस जुन्या गाड्या तपासत होते. टिपणिसांची गाडी शेवटची. गर्द हिरवी, दोन सीटची, चौसष्ट सालची विलायती स्पोर्ट्स कार. कापडी छप्पर, म्हणजे हूड, मागे सारला की वर नुसतं आकाश.

"हूड कुठला?"

टिपणिसांनी एकदा मागे बघितलं. कासिम मिस्त्री हातात फडकं घेऊन उभा होता.

"इंग्लंडहून मागवला. कंपनीचाच."

"अस्सं. आणि ही खूण?"

कडेच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याचे तीन बारीक टाके होते.

"तीसुद्धा कंपनीचीच," टिपणीस म्हणाले.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "निकाल उद्या. माहितीत काही दुरुस्ती असली तर आज सातपर्यंत या नंबरवर कळवा," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली आणि निघून गेले. कासिमने पुसलेला हेडलाइट पुन्हा पुसायला घेतला.

तसे टिपणीस खोटं बोलण्यात कच्चे. पण कप होता 'सर्वांत अस्सल गाडी'चा, सगळे भाग मूळ कंपनीचे हवेत अशी अट, आणि तो कप त्यांना हवा म्हणजे हवाच होता. का नसावा? तीन वर्षांपूर्वी अलिबागकडच्या एका बंद बंगल्याच्या गोठ्यातून त्यांनी ही गाडी उचलली, तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. टेम्पोतून गाडी सोसायटीत उतरली तर सेक्रेटरी सुभाष म्हात्रे म्हणतो कसा, "टिपणीस, भंगारवाला मागच्या गेटला येतो हां!" त्यांच्या बायकोने, नंदिनीने, तर कपाळावर हातच मारला. "अहो, घरात माणसं चार आणि गाडी दोन सीटची? उरलेल्या दोघांनी काय मागून धावायचं?"

आणि आता? आता तोच सुभाष पाहुणे आले की त्यांना आधी पार्किंगमध्ये नेतो, गाडी दाखवायला.

ही सगळी करामत कासिमची. तुर्भ्याला, एपीएमसी मार्केटच्या मागे त्याचं ट्रकचं गॅरेज. त्याने इंजिन नटबोल्टापर्यंत खोललं. दोन्ही कार्बोरेटर एका सुरात यावेत म्हणून तो रबरी नळी कानाला लावून आधी एकाचा, मग दुसऱ्याचा श्वास ऐकत तासन् तास बसायचा. पहिल्यांदा सायन-पनवेल हायवेवर गाडीने शंभरचा काटा ओलांडला, तेव्हा छप्पन्न वर्षांचे टिपणीस शिट्टी वाजवत होते.

अडलं ते हुडापाशी. जुनं कापड खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने पार कुजलेलं. टिपणिसांनी इंग्लंडला तीन पत्रं धाडली, उत्तर एकाचंही नाही. शेवटी कासिमची बायको नफिसा म्हणाली, "मला द्या बघू ते फाटकं." गॅरेजशेजारच्या गाळ्यात ती मार्केटच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायची. तिने जुन्या हुडाचा टाका न् टाका उसवून माप काढलं. चारदा शिवून चारदा उसवला; पाचव्यांदा असा बसवला की एक सुरकुती शोधून दाखवावी. आणि शेवटी कडेला लाल दोऱ्याचे तीन टाके घातले. तिच्या प्रत्येक ताडपत्रीवर ते असतातच. नाशिकचा ड्रायव्हर असो की सांगलीचा, ताडपत्री कुठे उसवली की ते टाके बघून त्याला कळतं, कुणाकडे जायचं.

परतताना कासिम तुर्भ्यापर्यंत नुसता इंजिनाकडे कान लावून बसला. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर टिपणिसांना बरं वाटलं असतं.

गाडीचा आवाज ऐकून नफिसा मशीन थांबवून बाहेर आली. शेजारची शकुबाई भाजीवालीही आली.

"भाऊ, हुडाचं कोनी विचारलं काय?" नफिसा म्हणाली.

टिपणिसांनी कासिमकडे पाहिलं. कासिम म्हणाला, "विचारलं ना. सांगा साहेब, तुमीच सांगा."

आता थाप मारणं सोपं होतं. पण टिपणिसांची जीभ वळेना.

"भाभी, मी... मी इंग्लंडहून आणला म्हणून सांगितलं."

नफिसा खळखळून हसली. "या अल्ला! आणि त्यांना खरं वाटलं? ऐकलंस गं शकुबाई, आपल्या तुर्भ्याचा हूड इंग्लंडचा म्हणून खपला!"

"अगं बाई! आता तू काय आमच्याशी बोलतेस!" शकुबाई म्हणाली.

"पण माझे टाके? ते नाय दिसले त्यांना?"

"दिसले," टिपणीस म्हणाले. "ती खूण कंपनीची, असं सांगितलं मी."

नफिसाचं हसू थांबलं. तिने कड उलटून टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"मग खोटं कुठं बोललात, भाऊ? कंपनीचीच हाय ती. ही काय कंपनी, तुमच्यासमोर उभी हाय."

एवढं बोलून ती आत गेली. मशीन पुन्हा सुरू झालं. टिपणिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाक्यावरच्या एसटीडी बूथपुढे पाच-सहा जणांची रांग होती. टिपणिसांचा नंबर लागला तेव्हा सातला दहा मिनिटं कमी होती.

"साहेब, हिरव्या गाडीचा मालक बोलतोय. एक दुरुस्ती आहे. हूड इंग्लंडचा नाही."

"ठाऊक आहे मला," परीक्षक म्हणाले. "हयात बोटींवर गेली माझी, कापड आणि टाका मला कळतो. विलायती शिलाईत इतकी सफाई मी पाहिलेली नाही. अस्सलचा कप तुमचा नाही, टिपणीस. ते मी मैदानावरच ठरवलं."

"बरोबर आहे," टिपणीस म्हणाले. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं त्यांना.

"आमचा दुसराही एक कप असतो, कारागिरीचा. तो या हुडाला द्यायचाय. पण नावाची जागा कोरी आहे, आणि सातनंतर कागद बंद होतो. तुमच्याच फोनची वाट बघत होतो. बोला, नाव काय?"

टिपणिसांनी बूथचं दार पायाने ढकलून सताड उघडं केलं.

"नफिसा कासिम मुकादम!" अख्ख्या रांगेने वळून पाहिलं. "लिहिलंत? मुकादम! राहणार तुर्भे, मार्केटच्या मागे. ताडपत्र्या शिवतात!"

"लिहिलं, लिहिलं. आणि ती लाल खूण?"

"कंपनीची," टिपणीस छाती काढून म्हणाले. "मघाशीच सांगितलं होतं की तुम्हाला."